ही की आली कुठून, ते आधी दाखवा

२०१९ मध्ये माइक रोझ या ब्रिटिश गेम-प्रकाशकाने ट्विटरवर लोकांना एक विनंती केली. त्याच्या ‘नो मोअर रोबोट्स’ या छोट्या कंपनीच्या गेमचं नाव गूगलवर टाकलं तर वरच जी-टू-ए या की-विक्रीच्या, म्हणजे गेम चालू करायचे कोड विकणाऱ्या, संकेतस्थळाची जाहिरात दिसायची, आणि तिथल्या विक्रीतून त्याला दमडीही मिळत नव्हती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तिथून विकत घेणारच असाल, तर त्यापेक्षा सरळ पायरसी करा. पैसे आम्हाला दोन्हीकडून मिळत नाहीत, मग निदान त्यांना तरी मिळू नयेत.

गेम विकून पोट भरणारा माणूस ‘फुकट घ्या, पण तिथून विकत घेऊ नका’ असं म्हणतो, तेव्हा नेमकं काय बिनसलं आहे ते समजून घ्यायला हवं. आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा ‘अरे, मिळतोय ना स्वस्तात, घेऊन टाक’ एवढ्यावर संपतो. चार हजारांचा गेम बाराशेला दिसला की कॉलेजातला मुलगा घेणारच, आणि मला त्याचा राग येत नाही. पण त्या अठ्ठावीसशे रुपयांच्या सवलतीचं बिल कोणी तरी भरत असतं. कोण, हे खरेदी करताना दिसू नये अशीच या धंद्याची रचना आहे, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आधी हे चालतं कसं ते पाहू. स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवणाऱ्या कंपनीला स्टीमबाहेर विकण्यासाठी, पत्रकारांना देण्यासाठी, स्पर्धेत वाटण्यासाठी अ‍ॅक्टिव्हेशन कीज मिळतात. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची ती छोटीशी ओळ. ज्याच्या हाती ती ओळ, तो मालक. तिच्यावर नाव नसतं, पत्ता नसतो, ती कुरिअरने पाठवावी लागत नाही, आणि ईमेलने काही सेकंदांत जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात पोचते. चोरीचा पैसा फिरवणाऱ्याला आणखी काय हवं?

समजा एखाद्याच्या क्रेडिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे कुठून तरी फुटले. चोर त्या कार्डावर एका छोट्या स्टुडिओच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पन्नास कीज घेतो. त्याच दिवशी त्या निम्म्या किमतीला की-बाजारात टाकतो. अर्ध्या किमतीत विकल्या तरी त्याचा सगळा नफाच, कारण खरेदी दुसऱ्याच्या पैशाने झालेली. दोन-चार आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक स्टेटमेंट बघतो, बँकेला कळवतो, आणि बँक चार्जबॅक करते, म्हणजे विक्रेत्या स्टुडिओच्या खात्यातून पैसे परत ओढून घेते. वर प्रत्येक व्यवहारामागे स्टुडिओला दंडासारखं शुल्क लागतं. की गेली, पैसे गेले, आणि शुल्क खिशातून. तोवर चोर पैसे काढून मोकळा झालेला असतो.

हे अंदाजाने लिहीत नाही. ‘नॅचरल सिलेक्शन २’ बनवणाऱ्या अननोन वर्ल्ड्स या अमेरिकी कंपनीने २०१३ साली चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या १,३४१ कीज बंद केल्या. चार्जबॅकपायी कंपनीला सुमारे ३०,००० डॉलरचा खड्डा पडला होता. २०१६ च्या जूनमध्ये टायनीबिल्ड या प्रकाशकाने जाहीरपणे सांगितलं, की त्यांच्या गेमच्या हजारो कीज जी-टू-एवर विकल्या गेल्या असून दुकानातल्या भावाने त्यांची किंमत साडेचार लाख डॉलर होते. त्यांचं स्वतःचं ऑनलाइन दुकान चार्जबॅकच्या माऱ्यामुळे बंद पडायची वेळ आली होती. जी-टू-एने आरोप नाकारले. खरं काय, खोटं काय, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येईना, कारण कुठली की कोणी आणून विकली याचा हिशेब बाजारपेठेकडेच होता आणि तो उघडा नव्हता.

तो हिशेब एकदाच नीट बाहेर आला. ‘फॅक्टोरिओ’ हा गेम करणाऱ्या वूबे सॉफ्टवेअर या झेक स्टुडिओमुळे. २०१९ च्या त्या गदारोळात जी-टू-एने आव्हान दिलं होतं: चोरीच्या कीज आमच्याकडे विकल्या गेल्याचं सिद्ध झालं, तर चार्जबॅकमुळे झालेल्या नुकसानीच्या दहापट भरपाई देऊ. वूबेने आव्हान स्वीकारून आपली यादी दिली. तपासणी त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून व्हायची होती, पण शेवटी जी-टू-एने स्वतःच्याच नोंदी तपासल्या आणि २०२० च्या मे महिन्यात कबूल केलं, की १९८ चोरीच्या कीज त्यांच्या बाजारात विकल्या गेल्या होत्या. भरपाई दिली ३९,६०० डॉलर. त्याचा दहावा भाग काढला तर मूळ नुकसान ३,९६० डॉलर, म्हणजे एका कीमागे २० डॉलर. त्या कीज विकल्या गेल्या होत्या २०१६ मध्ये. चोरी झाली हे ठरायला चार वर्षं लागली, तीही स्टुडिओने नोंदी जपून ठेवल्या होत्या आणि समोरच्याने भर सभेत पैज लावली होती म्हणून. एरवी त्या १९८ कीजचं नावही कोणी घेतलं नसतं. कंपनीने पुढे विक्रेत्यांच्या पडताळणीचे नियम कडक केले, हेही सांगायला हवं. दबाव आला तर सुधारणा होते, एवढं त्यातून दिसतं.

आता ग्राहकाची बाजू. २०१५ च्या जानेवारीत यूबीसॉफ्ट या बड्या गेम-कंपनीने ‘फार क्राय ४’सारख्या काही गेमच्या कीज रद्द केल्या, कारण त्या चोरीच्या कार्डांवर घेऊन पुढे विकल्या गेल्याचं आढळलं. सकाळी लोकांनी पाहिलं तर पैसे मोजून घेतलेला गेम खात्यातून गायब. त्यांचा राग चोरावर निघाला नाही, चोर कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तो निघाला यूबीसॉफ्टवर. काही दिवसांत कंपनीने माघार घेतली आणि ज्यांनी की आधीच वापरून खेळायला सुरुवात केली होती त्यांना गेम परत दिला. यूबीसॉफ्टला ते परवडलं. चार जणांच्या स्टुडिओसमोर मात्र दोन्ही वाटा वाईट असतात. की रद्द केली तर प्रामाणिकपणे पैसे दिलेला खेळाडू स्टीमवर वाईट रिव्ह्यू लिहितो, आणि त्या रिव्ह्यूमुळे पुढची विक्री पडते. रद्द केली नाही तर चोराचा माल पचतो. त्यामुळे बहुतेक जण नुकसान सोसून गप्प बसतात.

सगळ्या स्वस्त कीज चोरीच्या असतात, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. कोणी हंबल बंडल, म्हणजे अनेक गेमचा एकत्र स्वस्त गठ्ठा, घेतलं, त्यातले दोन गेम आधीच होते, ते विकले. कोणी लॉटरीत जिंकलेली की विकली. कोणी सेलमध्ये साठा करून ठेवला. मग काही कीज फसवून मिळवलेल्या असतात: मोठ्या यूट्यूबरच्या नावाशी मिळताजुळता ईमेल काढायचा, ‘तुमच्या गेमचा व्हिडिओ करतो, चार कीज पाठवा’ असं छोट्या निर्मात्याला लिहायचं आणि आलेल्या कीज विकायच्या. स्टीमवर ‘क्युरेटर’ म्हणून गेमची शिफारस करणारी खाती असतात, त्यांतही हा धंदा शिरला. ‘ब्रॉक द इन्व्हेस्टिगेटर’ हा गेम करणाऱ्या काउकॅट या फ्रेंच निर्मात्याने २०२२ मध्ये एक युक्ती केली. संशय आलेल्या क्युरेटरांना त्याने पूर्ण गेमऐवजी फक्त फुकट मिळणाऱ्या सुरुवातीच्या भागाच्या कीज पाठवल्या. विकून काही मिळणार नाही हे कळल्यावर त्यातल्या काहींनी त्याच्या गेमविरुद्ध शिफारशी टाकल्या. त्याने हे सगळं जाहीर केलं, तेव्हा कुठे स्टीमने ती खाती हटवली. एकटा माणूस गेम बनवणार, विकणार, आणि वर अशा टोळ्यांशी झुंजणार.

तर चोरीची की, फसवून आणलेली की आणि प्रामाणिक उरलेली की, तिन्ही बाजारात एकाच पानावर, एकाच चित्राखाली, दहा-वीस रुपयांच्या फरकाने मांडलेल्या असतात. कुठली कोणती, हे ग्राहकाला सांगता येत नाही. मला हाच प्रश्न नैतिकदृष्ट्या सगळ्यात मोठा वाटतो. आपल्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ब मध्ये चोरीचं संगणकीय साधन बाळगणाऱ्याबद्दल बोलताना, ते चोरीचं आहे हे ‘माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून’ घेतलं तर, अशी अट आहे. कॉलेजातल्या पोराला एका कीसाठी कोणी या कलमाखाली धरावं असं मला मुळीच वाटत नाही. पण ती कसोटी स्वतःपुरती लावून पाहावी. कालच बाजारात आलेला गेम आज निम्म्या किमतीत, विक्रेत्याचं नाव एक टोपणनाव, आणि ‘की रद्द झाल्यास’ म्हणून जादा पैशाचं संरक्षण घ्या अशी सूचना. जी-टू-एने असं ‘शील्ड’ कित्येक वर्षं विकलं. दुकानदारच ‘माल बुडाला तर’ म्हणून वेगळे पैसे मागतो, तेव्हा संशयाला कारण नव्हतं असं म्हणता येत नाही.

‘पण पुनर्विक्री हा माझा हक्क आहे’ असा एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो, कारण मूळ मुद्दा मला मान्य आहे. अप्पा बळवंत चौकात वापरलेली पुस्तकं विकली जातात. त्यात लेखकाला काही मिळत नाही, तरी त्यात काहीच गैर नाही. डिजिटल वस्तूंना हा हक्क असावा का, यावर युरोपात मोठी भांडणं झाली. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने यूझ्डसॉफ्ट खटल्यात सॉफ्टवेअरचे वापरलेले परवाने पुढे विकता येतात असं म्हटलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने फ्रेंच ग्राहक संघटनेच्या बाजूने, स्टीमच्या विरोधात, असाच कौल दिला, आणि २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. माझी सहानुभूती त्या ग्राहक संघटनेकडे आहे. खेळून झालेला गेम विकता आला पाहिजे. पण की-बाजारात हे घडतच नाही. की एकदा खात्यात टाकली की ती त्या खात्याला चिकटते. ती परत काढून विकता येत नाही. म्हणजे त्या बाजारातली प्रत्येक की कोरी, एकदाही न वापरलेली असते. तिथे कोणीही आपला खेळून झालेला गेम विकत नाहीये. जुन्या पुस्तकांच्या दुकानाची ढाल पुढे करून तिथे नव्या मालाचा, उगम न सांगता, घाऊक व्यापार चालतो.

दुसरा युक्तिवाद पैशाचा, आणि आपल्याकडे तोच खरा. परदेशात सत्तर डॉलर ही एका दिवसाच्या कमाईहून कमी रक्कम असेल. सांगलीतल्या किंवा परभणीतल्या घरात चार-पाच हजार म्हणजे महिन्याचा किराणा. हे खरंच आहे. म्हणूनच २०१५ पासून स्टीमवर भारतासाठी रुपयांत वेगळ्या किमती आल्या, आणि कित्येक गेम आपल्याला अमेरिकेपेक्षा बऱ्यापैकी कमी किमतीत मिळतात. आता या सवलतीच्या मुळावर उठतो कोण? स्वस्त देशात घेऊन महाग देशात विकणारा की-व्यापारी. भारतीय दराच्या कीज जर्मनीत जाऊ लागल्या तर प्रकाशकापुढे दोन पर्याय उरतात: की भारतापुरती कुलूपबंद करणं किंवा भारताची किंमत वाढवणं. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात स्टीमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये किमती सुरू केल्या. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने कारण दिलं चलनाच्या दरातल्या चढउतारांचं, आणि ते खरंही आहे. पण त्याआधी कित्येक वर्षं जगभरचे लोक स्वस्ताईसाठी आपली खाती तिथली दाखवत होते आणि प्रकाशक तिथल्या किमती चढवत होते. बिल भरलं तिथल्या स्थानिक खेळाडूंनी, ज्यांचा यात काही दोष नव्हता. आपल्या रुपयातल्या किमतीवर ही पाळी येऊ नये असं वाटत असेल तर की-व्यापाराकडे ‘गरिबांचा मित्र’ म्हणून पाहणं थांबवलं पाहिजे.

मोठ्या कंपन्यांना मी निर्दोष ठरवत नाही. युरोपीय आयोगाने २०२१ च्या जानेवारीत वाल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोचा दंड केला, कारण त्यांनी युरोपातल्याच काही देशांत घेतलेल्या कीज दुसऱ्या युरोपीय देशांत चालू दिल्या नाहीत. दंड योग्यच होता. कंपन्यांच्या भिंती पवित्र नाहीत. पण भिंत चुकीची आहे हे ठरवायला आयोग आहे, न्यायालय आहे, उघड सुनावणी आहे. दुसऱ्याच्या कार्डावर घेतलेली की हा त्या अन्यायावरचा उपाय होत नाही.

आणि ते ‘दुसऱ्याचं कार्ड’ फार लांबचं नसतं. भारतात ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला ओटीपी लागतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण परदेशी संकेतस्थळांवर भारतीय कार्ड अनेकदा ओटीपीशिवाय चालत आलं आहे. नंबर फुटला तर पुढचं सोपं. २०२० पासून नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय वापर बंदच येतो, तो आपण मुद्दाम चालू करतो, आणि परदेशी की-बाजारात कार्ड चालवायचं तर तो चालू करावाच लागतो. म्हणजे ज्या साखळीत चोरीची कार्डं वापरली जातात, तिथेच आपलं कार्ड नेऊन द्यायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, त्रयस्थाने केलेला असा व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला तर ग्राहकाला भुर्दंड पडत नाही. पण रोज एसएमएस न वाचणारे आई-वडील घरोघर आहेत, आणि तीन दिवस भुर्रकन जातात.

चोरीचा पैसा फिरवण्यात गेमच्या वस्तूंचा किती वाटा असू शकतो, याची जाहीर कबुली खुद्द वाल्व्हने दिलेली आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या तिच्या गेममधल्या पेट्या उघडण्याच्या चाव्या खेळाडू एकमेकांना विकू शकत असत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने नव्या चाव्यांची ही विक्री बंद केली आणि कारण स्पष्ट लिहिलं: जगभरच्या फसवणुकीच्या टोळ्या आपला पैसा मोकळा करायला या चाव्या वापरत आहेत, आणि आता पुढे विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच चाव्या फसवणुकीतून आल्या असाव्यात असं आम्हाला वाटतं. त्या चाव्या आणि गेम कीज या वेगळ्या वस्तू. पण हलकी, निनावी आणि झटकन विकली जाणारी वस्तू कोणाच्या हाती जाते, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडे तर याच्या पुढचा प्रकार जोरात आहे. टेलिग्रामवर आणि इन्स्टाग्रामवर ‘ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन’ विकणारे शेकड्याने सापडतात. दोन-तीनशे रुपये यूपीआयने पाठवायचे, विक्रेता एका स्टीम खात्याचं नाव-पासवर्ड देतो, त्यात लॉगिन करून गेम उतरवायचा, मग स्टीम ऑफलाइन करायचं आणि पुन्हा कधी ऑनलाइन यायचं नाही. एकच खातं कितीतरी जणांना विकलेलं असतं. काही विक्रेते तर ‘मीच सेटिंग करून देतो’ म्हणत एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला आपला संगणक दुरून चालवू देणारं अ‍ॅप, लावायला सांगतात. तीनशे रुपयांच्या गेमसाठी आपला संगणक, त्यातले फोटो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कदाचित बाबांचं नेट-बँकिंग, सगळं एका अनोळखी माणसापुढे उघडं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी मुलगा किंवा मुलगी गेम खेळत असेल, तर एनीडेस्कबद्दल आजच विचारा. रागावू नका, नुसतं विचारा.

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा स्टुडिओ आहे. त्यांनी २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला: राजस्थानचं वास्तुवैभव, हिंदू आणि बालीच्या पुराणकथा, नायिका एक डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. त्याआधी किकस्टार्टरवर त्यांची पैसे उभे करण्याची मोहीम फसली होती, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. असा स्टुडिओ मी डोळ्यांपुढे ठेवतो तेव्हा एका कीमागचे ते २० डॉलर मला छोटे वाटत नाहीत. मराठी मुलं गेम-डिझाइन शिकताहेत, आपल्या गोष्टी या माध्यमात आणताहेत. त्यांचा पहिला ग्राहक आपणच असायला हवं, आणि पैसे त्यांच्या हाती पडतील अशा वाटेने द्यायला हवेत.

ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याच्यासाठी सरळ वाटा बऱ्याच आहेत: स्टीमचे हंगामी सेल, एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर दर आठवड्याला फुकट मिळणारे गेम, हंबल आणि फॅनॅटिकलसारखी दुकानं, जी कीज थेट प्रकाशकाकडून घेतात. स्टीमवरून घेतलेला गेम दोन तासांहून कमी खेळून चौदा दिवसांत परतही करता येतो. बाहेरून आणलेल्या कीला ती सोय नाही.

पण हे सगळं ओझं एकट्या ग्राहकाच्या सद्सद्विवेकावर टाकणं मला पटत नाही. त्या बाजारात माहिती ज्याच्या हाती आहे, जबाबदारीही त्याची असली पाहिजे. २०१९ मध्ये जी-टू-एने प्रस्ताव मांडला होता, की शंभर स्टुडिओंनी नावं नोंदवली तर आपल्या फुकट वाटलेल्या कीज बाजारात येण्यापासून रोखता येतील असं साधन बनवू. म्हणजे आपला माल तिथे विकला जाऊ नये म्हणून आधी स्टुडिओंनीच रांग लावायची. रांग उलटी हवी. की बाजारात ठेवायची असेल तर विक्रेत्याने ती कुठून घेतली त्याची पावती दाखवावी, चार्जबॅकची मुदत संपेपर्यंत बाजारपेठेने त्याचे पैसे रोखून धरावेत, आणि उगमाची नोंद खरेदीदाराला पानावरच दिसावी. प्रामाणिकपणे उरलेली की विकणाऱ्याला यात काहीच अडचण नाही.

भारताकडे त्यासाठी निम्मं हत्यार आधीच आहे. २३ जुलै २०२० रोजी लागू झालेले ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही. बाजारपेठेने विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क दाखवला पाहिजे असं त्यांत लिहिलेलं आहे. रुपयांत किमती लावणाऱ्या आणि यूपीआय घेणाऱ्या की-बाजारांकडून हे पाळून घेणं हे ग्राहक व्यवहार मंत्रालयाचं काम आहे. तक्रारी गेल्या तरच ते होईल. म्हणून ज्याची की रद्द झाली किंवा चाललीच नाही, त्याने त्या संकेतस्थळाच्या चॅटवर भांडत बसण्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवावी. कार्डाचा गैरवापर झाला असेल तर १९३० वर. आणि तक्रारीत एक ओळ न विसरता घालावी, की विक्रेता कोण होता आणि त्याने ही की कुठून आणली, हे मला खरेदीच्या वेळी दाखवलं गेलं नव्हतं.